उरीयाची पत्नी आणि कमांडरची पत्नी

काही महिन्यांपूर्वी वटारला एका परिचित कुटुंबात आमचे जाणे झाले. आत दूरदर्शन संचावर ‘रुस्तम’ हा हिंदी चित्रपट चालू होता आणि घरातील तरुण मंडळी तो दुसऱ्यांदा पाहत होती. ओटीवर बसलेल्या आजी मधूनमधून मान वळवून पडद्याकडे बघत. त्यांचे यजमान बावीस वर्षे सैन्यात होते. वर्षाकाठी दोन महिन्यांची रजा. उरलेले दहा महिने वाडी, बावखलाचे पाणी, सासूसासरे आणि तीन मुले हे सारे आजींच्या एकटीच्या शिरावर. चित्रपटातला नायक निर्दोष सुटला, मुले समाधानाने उठली, आणि आजी एवढेच म्हणाल्या, “तो बोटीवर होता तेव्हा ही घरात एकटी कशी दिवस काढत होती, ते काही दाखवलं नाही, बाबा.”

एखाद्या सविस्तर परीक्षणाहून आम्हांला हे एक वाक्य अधिक नेमके वाटले. दीर्घ विरहातील पतिपत्नींच्या एकनिष्ठेवर आपल्याकडे जे लिहिले आणि दाखवले गेले, त्यातले वैगुण्य त्यात आले आहे. या कथांमध्ये विरहच नसतो. पती परत येतो, तेथून कथा सुरू होते.

‘रुस्तम’ ज्या घटनेवर बेतला आहे, ती आपल्या मुंबईतलीच. कमांडर कावस माणेकशॉ नानावटी हे नौदलातील ‘मैसूर’ या युद्धनौकेवरील दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. त्यांची पत्नी सिल्व्हिया इंग्रज होती. १९४९ साली विवाह झाला, तीन मुले झाली. २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीने प्रेम आहुजा या व्यापाऱ्याशी असलेले संबंध कबूल केले. कमांडरांनी पत्नीला व मुलांना मेट्रो चित्रपटगृहाशी सोडले, नौकेवर जाऊन पिस्तूल घेतले, आहुजांना त्यांच्या घरी गाठले आणि तीन गोळ्यांत प्रकरण संपवले. मग स्वतः होऊन ते पोलिसांच्या स्वाधीन झाले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने त्यांना निर्दोष ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाने १९६० साली तो निर्णय फिरवून जन्मठेप दिली, ती सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये कायम केली. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. १९६८ मध्ये हे कुटुंब कॅनडास गेले आणि तेथेच २००३ साली नानावटी वारले.

या खटल्यावर ‘ये रास्ते हैं प्यार के’ (१९६३), गुलजारांचा ‘अचानक’ (१९७३) आणि ‘रुस्तम’ (२०१६) असे चित्रपट निघाले. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांचे ‘अपराध मीच केला’ हे नाटक याच खटल्याच्या छायेत आले. त्या शीर्षकातील ‘मीच’ हा शब्द आम्हांला बोलका वाटतो, कारण चित्रपटांतून अपराध बहुधा दुसऱ्याचाच असतो. ‘अचानक’मध्ये नायक भूदलातील मेजर आहे. तो मित्राचा आणि पत्नीचाही वध करतो. पुढे पळून जातो, गोळी लागून रुग्णालयात येतो, आणि फाशी द्यावयाच्या माणसाला डॉक्टरांनी वाचवावे काय, हा प्रश्न उरतो. प्रश्न मोठा आहे, गुलजारांची संयत मांडणी आदरास पात्र आहे. परंतु तो प्रश्न उभा राहीपर्यंत पत्नी मरून गेलेली असते, आणि तिचे म्हणणे तिच्याबरोबर गेलेले असते. ‘रुस्तम’ने तर वेगळीच वाट काढली. पत्नीच्या प्रकरणाची गाठ नौदलातील लाचखोरीच्या कटाशी बांधली, म्हणजे गोळी झाडणारा पती देशभक्तही ठरला. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या या भूमिकेचे कौतुक करणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. आमची तक्रार एवढीच की, गणवेशाची शोभा राखताना संसाराचा प्रश्न हातचा निसटला.

नवलाची गोष्ट ही की, सर्वोच्च न्यायालयाच्या रुक्ष निकालपत्रात विरहाची नोंद आहे. नौदलातील नोकरीमुळे पती वारंवार मुंबईबाहेर जात असे, पत्नी व मुले मागे राहत, आणि त्या काळात हा परिचय वाढत गेला, असे ते निकालपत्र सांगते. एकदोन वाक्ये, पण न्यायमूर्तींना ती लिहावीशी वाटली. सिल्व्हियाने आहुजांना लिहिलेली पत्रेही न्यायालयात वाचली गेली होती. म्हणजे तिचे शब्द उपलब्ध होते. पटकथेला त्यांची गरज भासली नाही. आणि जे प्रत्यक्षात घडले ते तर पडद्यावरच्या सर्व शेवटांहून अवघड होते. ही स्त्री पतीच्या बचावासाठी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली, माफीनंतर त्याच्यासह परक्या देशात गेली, मुले वाढवली. त्या दोघांनी एकमेकांना काय सांगितले असेल, कसली क्षमा मागितली आणि दिली असेल? त्यात एका माणसाचा जीव गेला होता, हे विसरून ती क्षमा गोड करून सांगता येणार नाही. तरीही एखाद्या थोर कादंबरीचा विषय तेथे पडून आहे.

आपल्या जुन्या शाहिरांनी निदान विरहाला जागा दिली होती. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मराठी फौजा मुलुखगिरीवर निघत. मागे राहिलेल्या स्त्रीचे व्याकूळपण राम जोशी, होनाजी, परशराम, प्रभाकर यांच्या काळातील लावणीत अमाप आहे. परंतु ते बोल स्त्रीच्या तोंडचे असले तरी रचणारा पुरुष, आणि दाद देणारेही बहुशः पुरुषच. त्या लावण्यांतील नायिका झुरते, सजते, वाट पाहते. तिला सावकाराचा तगादा, आजारी सासरा किंवा गळके छप्पर यांची चिंता सहसा नसते. स्वारीवर गेलेला तिचा नाथ तिकडे कसा वागतो, हेही कोणी विचारीत नाही.

या सर्वांहून जुनी आणि आम्हांला अधिक अस्वस्थ करणारी कथा आपल्या पवित्र शास्त्रात आहे. शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथाचा अकरावा अध्याय आपण बहुधा दावीदाच्या पापाची कथा म्हणून ऐकतो. ती एका सैनिक दांपत्याची कथा म्हणून वाचून पाहावी, असे आम्ही वाचकांना सुचवितो. लेखकाने पहिल्याच वाक्यात काळ सांगितला आहे: राजांनी मोहिमेवर जाण्याचा हंगाम. सैन्य राब्बा नगरीला वेढा घालून बसले आहे आणि राजा मात्र घरी आहे. उरीया हित्ती हा सैनिक आघाडीवर, त्याची पत्नी बथशेबा यरुशलेमेत, आणि ज्याच्या हुकमाने पती दूर गेला तोच वरच्या गच्चीवरून तिच्या घराकडे पाहतो. कोणाची अनुपस्थिती कोणाच्या सोयीची झाली, हे एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कोणी मांडल्याचे आम्हांस आठवत नाही.

पुढे राजा उरीयाला मुद्दाम बोलावून घेतो आणि घरी जाण्यास सांगतो. उरीया जात नाही. कराराचा कोश आणि सर्व सैन्य तंबूंत असताना, सेनापती यवाब उघड्या मैदानात पडला असताना आपण घरी जाऊन सुख भोगावे, हे त्याला पटत नाही. तो राजवाड्याच्या दाराशी चाकरांबरोबर झोपतो. दुसऱ्या दिवशी राजा त्याला मद्य पाजतो, तरीही तो घरी जात नाही. प्रवचनांतून या निष्ठेची थोरवी सांगितली जाते, ती योग्यच आहे. पण आम्हांला येथे वेगळेच काही दिसते. बथशेबाचे घर राजवाड्यापासून दृष्टीच्या टप्प्यात आहे. आपला पती नगरात आला आहे, दोन रात्री दाराशी झोपला आहे आणि उंबऱ्यापर्यंत आलेला नाही, हे तिला कळले असेल काय? कळले असेल तर तिला काय वाटले असेल? सोबत्यांशी राखलेली निष्ठा आणि पत्नीशी राखलेली निष्ठा या दोहोंत येथे ओढाताण आहे, आणि फौजी संसाराचे खरे दुखणे हेच आहे. सैनिकाचे इमान एकाच वेळी दोन ठिकाणी लागलेले असते. उरीयाने एक निवडले. त्याच्या मृत्यूचा हुकूम असलेले पत्र त्याच्याच हाती देऊन राजाने त्याला परत पाठविले.

संपूर्ण अध्यायात बथशेबा फक्त एकदा बोलते, तेही निरोपाने: आपण गर्भवती असल्याचे ती कळविते. तिची संमती होती की राजाज्ञेपुढे तिचा इलाज नव्हता, हे लेखक सांगत नाही. पतीच्या मृत्यूची वार्ता आल्यावर तिने शोक केला, एवढी नोंद मात्र तो करतो, आणि त्या ठिकाणी तिला उरीयाची पत्नी असेच म्हणतो. म्हणजे येथेही स्त्रीला बोलू दिलेले नाही. या बाबतीत शास्त्रलेखक आणि मुंबईचे पटकथाकार यांत फार अंतर नाही, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही. नाथान संदेष्ट्याच्या दाखल्यात ती गरिबाची मेंढी होते, म्हणजे मालकीचीच वस्तू. फरक पडतो तो आरोप कोणावर ठेवला जातो, तेथे. नाथान बोट दाखवितो ते गच्चीवरच्या माणसाकडे. ती मेंढी निरपराध आहे.

वस्तू आणि चोरी हीच भाषा आपल्या कायद्यात पुढे दीर्घकाळ राहिली. भारतीय दंडसंहितेच्या ४९७ व्या कलमाखाली व्यभिचाराचा गुन्हा परपुरुषावर लागे. तक्रार करावी पतीने, आणि त्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरविले. परंतु त्या निर्णयाने लष्करी कायद्यांखालील शिस्तभंगाच्या कारवाईला बाध येत नाही, असे त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. सेनादलांत या अपराधाचे रूढ वर्णन ‘सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीचे प्रेम चोरणे’ असे आहे. आघाडीवर असलेल्या जवानाला घरची काळजी नसावी, हा हेतू आम्हांस समजतो आणि मान्यही आहे. पण जिचे प्रेम चोरीस गेले, ती त्या प्रेमाची मालकीण नव्हती काय?

आपल्याकडे विवाहसंस्काराच्या वेळी वधू आणि वर एकाच अर्थाचे वचन देतात; वराला त्यात कोठे सूट नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ सालच्या कॅनन लॉमध्येही, जोडीदाराकडून प्रमाद घडल्यास दुसऱ्याने क्षमा नाकारू नये, अशी कळकळीची शिफारस दोघांनाही सारख्याच शब्दांत केलेली आहे. धर्ममंडळी म्हणून आपण मात्र पहारा ठेवतो तो एकटीच्या दारावर. पती आखातात, बोटीवर किंवा सीमेवर असला की, सायंकाळी त्या घरापुढे कोणाची मोटारसायकल उभी होती, याची नोंद साऱ्या आळीत असते. तिकडे बंदरात त्याची संध्याकाळ कशी गेली, हे विचारणे मात्र शिष्टाचाराला सोडून समजले जाते. आम्हीही अशा गप्पांत बसलेलो आहोत, हे लपविण्यात अर्थ नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूची वंशावळ दरवर्षी १७ डिसेंबरला मिस्सामध्ये वाचली जाते. नावांच्या त्या लांबलचक यादीत आपले लक्ष सहसा टिकत नाही. तामार, राहाब, रूथ यांची नावे येतात, आणि चौथ्या ठिकाणी बथशेबाचे नाव न घेता ती उरीयाची होती, असा उल्लेख येतो. त्या वेळेपर्यंत ती राजाची राणी होऊन, शलमोनाची आई होऊन शतके लोटली होती. तरीही मत्तयाने तिला त्या मेलेल्या सैनिकाच्या नात्याने ओळखले. त्यात तिचा गौरव आहे, की दावीदाला दिलेला टोला, की दोन्ही, यावर पंडितांनी खूप लिहिले आहे. आम्हांला त्या ओळीत तंबूत राहिलेला नवरा आणि घरी राहिलेली बायको प्रथमच एकत्र दिसतात.

वटारच्या आजींना आम्ही नंतर ही कथा सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि उरीयाबद्दल विचारले, “दाराशी झोपला, पण बायकोला निरोप तरी धाडला का त्याने?” आम्हांस उत्तर देता आले नाही. मग त्यांनी आतून पत्र्याची पेटी आणविली. आत यजमानांची पत्रे होती, ‘५६ ए.पी.ओ.’चा पत्ता असलेली, सालवार बांधलेली. आम्ही त्यांनी पाठविलेल्या उत्तरांबद्दल विचारले. “ती कुठली असायला,” त्या म्हणाल्या. “एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना किती ओझं घ्यायचं त्यांनी? ते वाचायचे, पाठ झालं की जाळून टाकायचे.”