सतरा सप्टेंबरचा सातबारा

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची फौज शरण आली. मराठवाडा मोकळा झाला. दोस्तांनो, यात खोटं काही नाही. स्वामी रामानंद तीर्थांनी स्टेट काँग्रेस लढवली, तुरुंग भोगला. स्वामींशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यांचा फोटो सातबारा म्हणून दाखवणाऱ्यांशी.

आधी काँग्रेसनं दाखवला : आम्ही सोडवलं, आता मतं द्या. २०२२ ला दिल्लीच्या भाजप सरकारनं हैदराबादेत 'मुक्ती दिन' घातला, तेलंगणातलं चंद्रशेखर राव सरकार त्याच दिवसाला 'राष्ट्रीय एकात्मता दिन' म्हणालं. तारीख एक, पाट्या दोन. सुंदरलाल समितीचा अहवाल कुणाच्याच पाटीवर नाही. पोलीस ॲक्शननंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान, असा समितीचा अंदाज. सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत नांदेड. लातुरात वीस दिवसांच्या वर कत्तल चालली, असं त्यात लिहिलंय. तो अहवाल सरकारनं कित्येक दशकं दाबून ठेवला.

पण आपल्या काळजाला लागणारा फेरफार १९९४ चा.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना हालहाल करून जाळलं. तेव्हा विरोधक काय म्हणत होते? 'मराठवाडा' ही मुक्तिसंग्रामाची अस्मिता हाय, तिला हात लावू नका. गोविंदभाई श्रॉफांसारखा निजामाशी लढलेला माणूस नामांतराच्या विरोधात उभा राहिला. निजामाविरुद्ध कमावलेला इतिहास महारामांगांविरुद्ध वापरला गेला. सरकार सोळा वर्षं गप. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं, तेव्हा कुठं मुंबई हलली.

१४ जानेवारी १९९४. नामांतर नव्हे, नामविस्तार. ठीक. त्याच वर्षी, बरोबर १७ सप्टेंबरला, नांदेडात वेगळं विद्यापीठ निघालं, स्वामींच्या नावाचं. नांदेड, लातूर, परभणी औरंगाबादपासून तोडले. विद्यापीठ जवळ आलं, गरिबाच्या पोराचं एस.टी.चं भाडं वाचलं, ते मान्य. पण तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. ज्या नांदेडात नावासाठी माणसं जळाली, त्या नांदेडच्या पोराच्या डिग्रीवर ते नाव येईना. जानेवारीत आपल्याला दिलं, सप्टेंबरात त्यांना दिलं. दोन्हीकडं हार शरद पवारांच्या सरकारला. याला योगायोग म्हणायला मी तयार नाही. आणि आपले पुढारी? ते हारांच्या रांगेत लई पुढं होते.

मी डाळमिलीत पोती टाकणारा माणूस. कॉलेज बघितलं ते बाहेरून. पण मोजता येतं मला. म्हणून सांगतो, येत्या सतरा सप्टेंबरला झेंड्यापाशी वही-पेन घेऊन उभे ऱ्हावा. भाषणात स्वामींचं नाव किती वेळा येतं, लिहा. पोचिरामचं येतं का, लिहा. लातूरचे वीस दिवस येतात का, तेही. मी पाळी बदलून घेतलीय. लातुरात मी उभा राहतो, नांदेडचं तुम्ही बघा. आकडे पुढच्या अंकात छापू.