काय आणि कोठे : प्रभाकर बरवे यांच्या चित्रांतील वस्तू

श्रावणातल्या तिन्हीसांजेला नंदिगड्ड्याच्या रानवाटेवर धुक्यात काळी आकृती दिसली की पावले आधी थबकतात. तो गवा की जळका खुंट, हा निवाडा मागाहून होतो. वेदान्तातील दोरी-सापाचा दृष्टान्त आपल्या परिचयाचाच आहे. डोळा पाहतो, ओळखतो मात्र मेंदू. या ओळखण्याचे शास्त्र थोडेफार समजल्यावर प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या चित्रांकडे आणि ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या त्यांच्या ग्रंथाकडे आम्ही पुन्हा वळलो.

मेंदूच्या मागील भागातील दृष्टिकेंद्राच्या पेशी प्रथम रेषा आणि कडा टिपतात, हे ह्यूबेल आणि वीझल यांनी १९५९ पासून मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले. १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८२ मध्ये उंगरलायडर आणि मिश्किन यांनी माकडांवरील संशोधनावरून पुढच्या दोन वाटा सांगितल्या. कानशिलाच्या बाजूची वाट ‘हे काय’ ते ठरविते, माथ्याकडे जाणारी ‘हे कोठे’ ते. या वाटांत देवघेव असते आणि दुसरीचा संबंध हाताच्या हालचालीशीही असतो, हे पुढे दिसून आले. तरी मूळ भेद उपयोगाचा आहे.

सरकारी नोकरीत आम्ही पुष्कळ पंचनामे लिहिले. त्यांत वस्तूचे नाव आणि ती सापडल्याचे ठिकाण, दोन्ही लागत. बरवे यांचे चित्र म्हणजे ठिकाणाचा रकाना मुद्दाम कोरा ठेवलेला पंचनामा होय. पान, घड्याळ, फळ क्षणात ओळखू येतात. पण घड्याळाला भिंत नाही, पानाला फांदी नाही, फळाला ताट नाही. नाव घेऊन झाले तरी पाहणे संपत नाही.

घड्याळ म्हणजे काळ, पान म्हणजे निसर्ग, असे अर्थ लावणारी समीक्षा हा कोरा रकाना घाईने भरून टाकते. तिच्याशी आमचा मतभेद आहे. अर्थात काही चित्रांतील मांडणी इतकी नेटकी आहे की तिचे कोडे बनते, हेही नमूद केले पाहिजे. शिवाय, वस्तू कशी ओळखली जाते हे शास्त्र सांगते. चित्र चांगले का, हे रसिकालाच ठरवावे लागते.

आमच्या माजघरातले जाते आता अंगणात तुळशीजवळ आहे. माजघरात होते तोवर आम्ही ते ओळखत होतो, पाहिले मात्र नव्हते. ठिकाण सुटल्यावर त्याच्या दगडाचा रंग, खुंट्याची झीज, आजीच्या हाताची उंची दिसू लागली. पिढ्यांमागे गाव सोडून या मुलखात स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांना ही चित्रे परकी वाटू नयेत. नाव तेच राहून ठिकाण बदलणे म्हणजे काय, हे आपणांस निराळे शिकविण्याची गरज नाही.