अकिहाबारा : आवडीच्या आधीचे शहर

टोकियोतील अकिहाबाराचा विचार काइचिरो मोरिकावा यांच्या २००३च्या पुस्तकाला वळसा घालून करता येत नाही. त्यांचा सिद्धान्त असा : शहराचे भाग आजवर सरकारने घडवले, नाहीतर भांडवलाने; अकिहाबारा मात्र आवडीने घडले. नव्वदच्या दशकात घरगुती उपकरणांचे गिऱ्हाईक उपनगरांतल्या मोठ्या दुकानांकडे वळले. मागे उरले संगणकवेडे. अॅनिमे, गेम, बाहुल्या ही त्यांचीच आवड. तिच्यामागून दुकाने आली. ओताकूची खोली जणू रस्त्यावर मांडली गेली.

मला हे पटत होते, ते स्टेशनालगत रुळांखालच्या रेडिओ सेंटरमध्ये शिरेपर्यंत. अरुंद बोळ, चिमुकले गाळे, खणाखणांत स्विच, वायरी, दिवे. युद्धानंतर रस्त्यावर रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्यांना १९४९च्या हुकमाने हटवले गेले, तेव्हा त्यांच्यातले काही इथे आले. म्हणजे आवडीच्या आधी पोट होते, आणि सरकारी हुकूमही.

एवढ्याने मोरिकावा खोटे ठरत नाहीत. माझा आक्षेप त्यांनी जोर कशावर दिला, याला आहे. सुटा भाग निवडून स्वतःच्या हाताने जोडायची सवय या गाळ्यांनी लावली. पुढे घरी संगणक जुळवणारा आणि बाहुलीचे सुटे अवयव जोडून रंगवणारा, दोघेही मला त्याच सवयीचे वारस वाटतात. आवडीलाच एकमेव शिल्पकार मानले, तर उद्या हे गाळे मिटताना शहराचे काही गेले, असे कुणाला वाटणारही नाही.