विषाणू सापडला, पण आजार त्यानेच केला का?

कोंबड्यांच्या आतड्यातल्या विषाणूंवरचे चार-पाच शोधनिबंध ओळीने वाचलेत, तर एक साचा तुमच्या लगेच लक्षात येईल. इतक्या फार्मवरून नमुने घेतले, पीसीआर केली, इतके टक्के नमुने अ‍ॅस्ट्रोव्हायरससाठी पॉझिटिव्ह, इतके रोटाव्हायरससाठी. मग शेवटच्या परिच्छेदात हळूच एक वाक्य येतं: पिल्लांची वाढ खुंटण्यामागे हे विषाणू असावेत. माझी तक्रार या शेवटच्या वाक्याबद्दल आहे.

आधी आजार बघू. ब्रॉयलरच्या बॅचमध्ये पहिल्या एक-दोन आठवड्यांतच काही पिल्लं मागे पडतात. विष्ठा पाण्यासारखी होते, त्यात न पचलेलं खाद्य दिसतं, पिसं नीट येत नाहीत. एकाच वयाची पिल्लं शेजारी उभी केली तर एक दुसऱ्याच्या निम्म्याएवढं दिसतं. याला रंटिंग-स्टंटिंग सिंड्रोम म्हणतात. संशयितांची यादी लांब आहे: अ‍ॅस्ट्रो, रोटा, रिओ, पार्वो, अ‍ॅडिनो. बरेचदा एकाच पिल्लात यातले दोन-तीन एकदम सापडतात.

पीसीआर म्हणजे काय, हे कोविडनंतर वेगळं सांगायला नको. विषाणूच्या जनुकीय साहित्याचा एक ठरावीक तुकडा नमुन्यात आहे का, एवढंच ती सांगते. तो विषाणू आतड्याच्या पेशींत शिरून त्यांची नासधूस करतोय, की खाद्याबरोबर नुसता पुढे सरकतोय, हे तिला कळत नाही. वर अनेक अभ्यासांत पाच-दहा पिल्लांचे नमुने एकत्र मिसळून तपासतात. त्यामुळे एकच पिल्लू बाधित होतं की सगळी, तेही हरवतं.

या क्षेत्राचा इतिहासच इथे सावध करतो. एव्हियन नेफ्रायटिस व्हायरस १९७६ मध्ये जपानमध्ये सापडला, तो एका आठवड्याच्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या ब्रॉयलर पिल्लाच्या गुदाशयातल्या मळात. आधी त्याला पिकॉर्नाव्हायरस समजत होते. तो अ‍ॅस्ट्रोव्हायरस आहे हे २००० मध्ये स्पष्ट झालं. म्हणजे ज्या विषाणूच्या नावातच मूत्रपिंडाचा दाह आहे, तो पहिल्यांदा भेटला धडधाकट दिसणाऱ्या पिल्लात!

दुसरं उदाहरण टर्की पक्ष्यांचं. अमेरिकेतल्या एका गटाने २००७ मध्ये व्यावसायिक टर्कीच्या कळपांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. एकदाच नमुने घेऊन न थांबता त्यांनी दर दोन आठवड्यांनी तपासणी केली. काही कळपांत तर पिल्लं शेडमध्ये सोडण्याआधीच रोटाव्हायरस होता. दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या आठवड्यात तपासलेले सगळे कळप रोटा आणि अ‍ॅस्ट्रो दोन्हींसाठी पॉझिटिव्ह निघाले. मला हा अभ्यास आवडतो, कारण त्याने आपल्या प्रश्नाचा कणाच मोडलाय. सगळेच पॉझिटिव्ह असतील, तर 'पॉझिटिव्ह' या शब्दाने चांगला कळप आणि वाईट कळप वेगळे कसे करणार?

म्हणूनच निरोगी पिल्लांचे नमुने नसलेला सर्व्हे वाचताना मी टक्केवारीपाशी थांबते, निष्कर्षाला जात नाही. फक्त आजारी फार्मवरून नमुने आणायचे, त्यात विषाणू शोधायचा आणि सापडला की त्यालाच गुन्हेगार ठरवायचं, हे चोरी झालेल्या घरातल्यांचेच ठसे घेऊन चोर पकडण्यासारखं आहे. ठसे मिळणारच की!

मग पुरावा कसा असतो? २०१८ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातल्या गटाने आजारी पिल्लांतून कोंबड्यांचा अ‍ॅस्ट्रोव्हायरस वेगळा केला, तो निरोगी पिल्लांना दिला, आणि त्यांची वाढ खुंटते, आतड्यात तशाच जखमा होतात हे दाखवलं. 'कारणीभूत' हा शब्द अशा कामानंतर शोभतो. अर्थात एवढ्याने बाकीचे संशयित सुटत नाहीत, आणि प्रत्येक फार्मवरचा दोषी तोच असंही ठरत नाही.

सर्व्हे निरुपयोगी आहेत, असं मी म्हणत नाहीये. आपल्या भागात कोणते प्रकार फिरतायत, आपले प्राइमर त्यांना पकडतात का, हे त्यांतूनच कळतं. रोगजंतूमुक्त पिल्लं आणि बंदिस्त आयसोलेटर छोट्या प्रयोगशाळेला परवडत नाहीत, हेही खरं. पण त्याच भागातल्या, त्याच वयाच्या, नीट वाढणाऱ्या पिल्लांचे नमुने आणायला असा किती खर्च येतो? सीटी व्हॅल्यू छापायला तर काहीच लागत नाही. निदान विषाणू किती होता, हे तरी वाचकाला समजेल.

हा काथ्याकूट फक्त आमच्यासारख्या पीएचडीवाल्यांचा नाही. महाराष्ट्रात बरेच ब्रॉयलर पालक कराराने काम करतात. पिल्लं आणि खाद्य कंपनीचं. शेड, वीज आणि मेहनत शेतकऱ्याची. संगोपनाचा दर वजन, मरतुक आणि एफसीआरवर ठरतो. बॅच खुरटली की प्रश्न येतो, दोष कुणाचा? अ‍ॅस्ट्रोव्हायरस अंड्यातून, म्हणजे पेरेंट कळपातून येऊ शकतो, तसा आधीच्या बॅचच्या लिटरमध्येही टिकून राहू शकतो. पहिल्या शक्यतेत बोट हॅचरीकडे जातं, दुसऱ्या शक्यतेत शेडच्या स्वच्छतेकडे. तिसऱ्या आठवड्यातला एकटा पॉझिटिव्ह रिपोर्ट यातलं काहीच ठरवत नाही, पण त्याच्या जोरावर पैसे मात्र कापले जाऊ शकतात. पहिल्या दिवशी, शेडमध्ये सोडण्याआधी काही पिल्लांचे नमुने घेऊन ठेवले असतील, तर निदान बोलायला आधार राहतो.

तेव्हा पुढच्या वेळी असा निबंध किंवा रिपोर्ट हातात आला, तर तीन गोष्टी शोधा. निरोगी पिल्लं तपासली का? विषाणू किती होता, ते दिलंय का? आतड्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली कुणी पाहिला का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर विषाणू सापडला एवढं खरं माना. पिल्लं कशाने खुरटली, हे अजून कुणीतरी शोधायचंय.