शाळांच्या स्मरणिका व इतिहासाचीं साधनें

इंग्रजी शाळेचा इतिहास म्हणून आपल्याकडे जें कांहीं लिहिलें जातें, तें बहुधा महोत्सवाच्या स्मरणिकेंत लिहिलें जातें. संस्थापकांचीं छायाचित्रें, देणगीदारांची यादी, निकालांचे तक्ते आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी एवढें एकत्र बांधलें कीं इतिहास झाला, अशी समजूत आहे. एखाद्या घराण्याची बखर आपण जशी कसोटीस लावतों, तशी या स्मरणिकांस कोणी लावीत नाहीं. पालघर, बोईसर-तारापूर व डहाणू या किनारपट्टीपुरती ती लावून पाहणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पहिला दोष शब्दाचा. ‘इंग्रजी शाळा’ याचा जुना अर्थ इंग्रजी माध्यमाची शाळा असा नव्हे. मराठी चौथी उतरल्यावर मुलगा इंग्रजी पहिलींत बसे. तिसरीपर्यंत मिडल स्कूल, पुढें हायस्कूल, व सातवी म्हणजे मॅट्रिक. वरच्या इयत्तांत पुष्कळ विषय इंग्रजींतून शिकवीत हें खरें. परंतु शाळेस नांव पडलें तें इयत्तांवरून. मुंबई विद्यापीठ १८५७ त निघालें, त्याची पहिली मॅट्रिक १८५९ त झाली, आणि १९४९ पासून तिची जागा एस. एस. सी. परीक्षेनें घेतली. तारापुरास १९६९ त अणुवीज केंद्र सुरू झालें, त्याच्या वसाहतींत इंग्रजी माध्यमाच्या शाळा आल्या, बोईसरास कारखाने वाढले. तेव्हां शब्दाचा अर्थहि पालटला. आजचा स्मरणिकाकार जुन्या कागदांतील ‘इंग्रजी शाळा’ नव्या अर्थानें वाचतो व आजोबांच्या काळचें माध्यम चुकीचें ठरवितो.

शब्दाइतकाच घोटाळा सालाचा. इंग्रजी पहिलीचा वर्ग उघडला तें साल, सरकारी मान्यतेचें साल आणि पहिली तुकडी मॅट्रिकला बसली तें साल, हीं तीन निराळीं सालें होत. ‘स्थापना’ म्हणून यांतलें कोणतें धरलें हें न सांगतां केलेलें विधान पुरावा म्हणून घेतां येत नाहीं. महोत्सव लवकर यावा या इच्छेनें सर्वांत जुनें साल उचललें जातें. तें स्वाभाविक आहे, पण इतिहास नव्हे.

दुसरा दोष स्थळाचा. ठाणें जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८२ त प्रसिद्ध झालें. त्यांत पालघर तालुका शोधणारास तो सांपडणार नाहीं. तो ‘माहीम’ या नांवाखालीं आहे, आणि हें माहीम केळवें-माहीम होय, मुंबईचें नव्हे. राजवाड्यांनीं १९२४ त छापलेली महिकावतीची बखर ज्यांनीं वाचली, त्यांस दोन माहिमांचा हा गोंधळ नवा नाहीं. शिवाय १९६० च्या राज्यरचनेंत उंबरगांव तालुक्याचीं ४७ गांवें व डहाणूचीं ३ गांवें गुजरातेंत गेलीं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हाच निराळा झाला. म्हणजे एकाच शाळापट्टीचें दप्तर ठाणें, पालघर व गुजरात अशा तीन दिशांस शोधणें प्राप्त आहे. पालघर कचेरींत विचारून ‘कागद नाहींत’ असें लिहिणारा शोध करून थकला नाहीं. त्यानें तो केलाच नाहीं.

बोर्डीच्या शाळेचें उदाहरण घेऊं. गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची, व तिचें बोर्डीचें हायस्कूल १९२० चें. शाळेस सुनाबाई पेस्तनजी हकीमजी या पारशी बाईंचें नांव, संस्थेस गोखल्यांचें, आणि मुख्याध्यापक आचार्य शंकर रामचंद्र भिसे. पारशी दानधर्म, पुण्याकडील उदारमतवादी परंपरा व मराठी शिक्षकवर्ग हे तीन प्रवाह एका पाटीवर दिसतात. पण लेखक मंडळींस भिसे यांचें संतचरित्रच पुरतें. ताराबाई मोडक १९४५ त अनुताई वाघांसह बोर्डीस आल्या, पुढें त्यांचें काम कोसबाडास गेलें, हेंहि भक्तिभावानें सांगतात. त्याच १९४५ त याच टापूंत वारल्यांचा उठाव झाला, हें मात्र ओळीभरहि नसतें. वेठीवर असलेल्या बापाचा मुलगा इंग्रजी पहिलीपर्यंत पोहोंचला काय, कितीजण पोहोंचले, कितव्या इयत्तेंत गळाले, याचें उत्तर आठवणींत मिळावयाचें नाहीं. तें जनरल रजिस्टरांत आहे.

आणि जनरल रजिस्टर हेंच शाळांचें अस्सल दप्तर होय. नांव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, पूर्वींची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख व कारण, इतकें एका ओळींत देणारें साधन आपल्या कित्येक संग्रहांत नाहीं. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं पालघर येथें मोर्चावर गोळीबार होऊन पांच जण हुतात्मा झाले. त्या वर्षीं कोणत्या शाळेंतून कोणाचें नांव कां कमी झालें, हें पाहावयाचें तर शेवटचा रकाना पाहावा. अर्थात् हें साधनहि निर्दोष नव्हे. जन्मतारखा पुष्कळदां मास्तरांनीं अंदाजानें घातलेल्या असतात, आणि जातीच्या रकान्यांत ‘हिंदु कोळी’ असें मोघम लिहिलेलें असलें, तर मल्हार कोळी कीं महादेव कोळी हें कळत नाहीं.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं. अनुसूचित जमातींसंबंधीं राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. त्यापूर्वींची शाळेंतली नोंद आजहि जात-पडताळणींत वजनदार मानतात. वाळवीनें खाल्लेलें किंवा नव्या इमारतींत जातांना रद्दींत घातलेलें एक रजिस्टर म्हणजे कित्येक वारली, कोकणा व मल्हार कोळी कुटुंबांचा पुरावा गेला. चिंचणीस सांपडलेला इंद्र तिसरा याच्या वेळचा शके ८४८ चा ताम्रपट वाचावयास आपण धांवलों. त्याच गांवच्या शाळेंतील शाईचा कागद तांब्याइतका टिकत नाहीं.

संग्राहकांनीं या वह्या स्वतःच्या कपाटांत नेऊं नयेत. वही शाळेच्या ताब्यांतच राहिली तरच तिच्या उताऱ्यास कचेरींत किंमत आहे. प्रत्येक पानाचें छायाचित्र घ्यावें, पृष्ठांक व खाडाखोड टिपून ठेवावी, एक प्रत शाळेस व एक मंडळाच्या संग्रहास द्यावी. आरंभ १९५० पूर्वींच्या वह्यांपासून व्हावा, आणि पालघर-डहाणूच्या खारट दमट हवेंत तो पुढच्या पावसाळ्यापूर्वीं व्हावा.