प्राणायाम, ऑक्सिजन आणि तीन प्रमाणं

अकलूजच्या कुठल्याही योगवर्गात एक वाक्य हमखास कानावर पडतं: प्राणायामाने रक्तात जास्त ऑक्सिजन जातो. संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रांनो, हे ऐकल्यावर एकच विचारा: सांगणाऱ्याला हे कळलं कसं?

पतंजलींनी योगसूत्रांत तीन प्रमाणं दिली आहेत. प्रत्यक्ष, अनुमान आणि आगम. आगम म्हणजे विश्वासू माणसाकडून मिळालेलं ज्ञान. आपण पेपरचा संदर्भ देतो तेव्हा आगमच वापरतो. पण व्यासभाष्याची अट कडक आहे. सांगणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिलेली किंवा अनुमानाने जाणलेली नसेल, तर तो आगम टिकत नाही.

आता ऑक्सिजनचं बघू. निरोगी माणसाच्या धमनीतलं हिमोग्लोबिन साध्या श्वासातच 95 टक्क्यांहून जास्त भरलेलं असतं. म्हणजे वाढायला जागाच थोडी. उलट जोरजोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येऊ शकते. म्हणजे हा आगम आपटला. आणि हे काही योगविरोधकांचं म्हणणं नाही. प्राणायामाचं महत्त्व जास्त ऑक्सिजनमध्ये नाही, हे खुद्द स्वामी कुवलयानंदांनी लिहून ठेवलंय.

1924 साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिकही. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब त्यांनी मोजला. तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. बस्तीत पाणी आत का ओढलं जातं, ते त्यातून कळलं. ऐकीव गोष्ट मोजमापावर आणणं, हे त्यांचं मोठं काम.

पण माझा आक्षेप पुढच्या उडीवर आहे. नमुना लहान, तुलनेचा गट नाही, हे त्या काळाच्या मानाने समजून घेता येईल. मात्र दाब मोजला म्हणून 'योगशास्त्र सिद्ध झालं' असं आज सर्रास म्हणतात, ते चूक. मोजला दाब, कैवल्य नाही. शिवाय पतंजलींच्या हिशेबात प्रमाण हीसुद्धा चित्ताची एक वृत्तीच, शेवटी शांत करायची. तिथे दाबमापक काय सांगणार?

आता तुमचा सिनॉप्सिस काढा. प्रत्येक दाव्यापुढे लिहा: प्रत्यक्ष, अनुमान की आगम. जिथे आगम असेल तिथे मूळ पेपर उघडून बघा, लेखकाने ते खरंच मोजलंय का, की त्यानेही कुणाचं ऐकूनच लिहिलंय.