पाच स्वरमार्गांची मर्यादा : आधुनिक खेळसंगीताच्या चिपट्यून-पुनर्रचनेचा विचार

बंगळूरच्या उत्तर भागातील हेब्बाळ येथे २०१८ मध्ये कित्तय्या नामक वीराचा वीरगळ उजेडात आला. इ. स. ७५०च्या सुमाराच्या त्यावरील कन्नड लेखात या परिसराचा उल्लेख ‘पेर्बोळल’ असा येतो. आद्य पकाराचा कालांतराने हकार होऊन त्याचेच ‘हेब्बाळ’ झाले. अशा लेखांच्या प्रतिकृती दोन प्रकारे करता येतात. बंगळूरच्या मिथिक सोसायटीने परिसरातील शिलालेखांसाठी हाती घेतलेले त्रिमितीय अंकन दगडाचा प्रत्येक उंचसखल भाग टिपू पाहते. कागदी ठसा मात्र दगडाचा रंग, जाडी आणि पोत सोडून देतो व अक्षराची रेषा तेवढी राखतो. पहिल्या प्रकारात संग्रह आहे, दुसऱ्यात निवड. आजच्या व्हिडिओ गेमचे संगीत जुन्या कन्सोलच्या ध्वनिचिपवर पुन्हा रचण्याचा जो व्यवहार ‘चिपट्यून’ या नावाखाली चालतो, त्याचे नाते या दुसऱ्या प्रकाराशी आहे. म्हणूनच ‘ते मुळासारखे वाजते काय’ हा प्रश्न त्याच्या समीक्षेत अपुरा ठरतो. काय सोडले आणि काय राखले, हा खरा प्रश्न होय.

या निवडीची सक्ती यंत्रातूनच येते. १९८३ मध्ये जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम कन्सोलमध्ये ध्वनीचे पाचच मार्ग होते : दोन चौकोनी तरंगांचे, एक त्रिकोणी तरंगाचा, एक खरखरीचा आणि एक अल्प ध्वनिनमुन्यांचा. चौकोनी तरंगाच्या आवाजाच्या पातळ्या सोळा. त्रिकोणी तरंगाला तर लहानमोठा आवाजच नाही, तो एक वाजतो किंवा थांबतो. परिणामी दोन मार्ग चाल आणि साथ यांना, त्रिकोणी तरंग खर्जाला आणि खरखर तालाला, अशी वाटणी रूढ झाली. स्वरसंघात हवा असल्यास त्यातील स्वर एकाच मार्गावर इतक्या त्वरेने आळीपाळीने वाजवावे लागत की कानाला ते एकत्र भासावेत. शंभर वाद्यांची रचना या चौकटीत आणणारा रचनाकार वृत्तात लिहिणाऱ्या कवीसारखा असतो. अक्षरगणांची मर्यादा मोडता येत नाही, म्हणून शब्दाचा नेमका विचार करावा लागतो.

या दृष्टीने निन्टेन्डोच्याच ‘सुपर मारिओ ओडिसी’ (२०१७) या खेळाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्यातील नायक नळीवाटे भिंतीवरील सपाट चित्रात शिरतो, तेव्हा संगीतही आपला भरजरी वेष टाकून जुन्या कन्सोलच्या आवाजात बोलू लागते. ‘स्टीम गार्डन्स’ ही गिटारप्रधान रचना या संक्रमणात फारसे गमावत नाही. गिटारचा झणत्कार जातो, पण चालीचा बांधा आणि तालाची उसळी अधिकच उघडी पडते. ‘फॉसिल फॉल्स’ ही वाद्यवृंदाची रचना मात्र विस्तीर्णतेचा प्रत्यय हरवते, कारण तो प्रत्यय स्वरांच्या क्रमाइतकाच नादाच्या चढउतारांत होता. यावरून पहिलीच रचना श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ठशात न उमटणारे सारेच गौण नसते. रचनेचे मर्म चालीत आहे की नादात, हे मात्र अशी पुनर्रचना निःसंदिग्धपणे दाखवून देते. मूळ रचनेवरील ते एक भाष्यच होय.

हे भाष्य मर्यादा पाळली तरच संभवते. केवळ चौकोनी तरंगाचा आवाज घेऊन त्याचे मनमानी थर चढवणाऱ्या रचना जुनेपणाचा साज मिरवतात, त्याची शिस्त स्वीकारत नाहीत. याउलट ‘शॉव्हल नाइट’ (२०१४) या नव्या खेळासाठी जेक कॉफमन यांनी फॅमिकॉमच्या मार्गांना व्हीआरसी-६ या जुन्या पूरक चिपचे तीन मार्ग जोडले. मर्यादा रुंदावली, पण ती ऐतिहासिक राहिली.

भारतीय संगीताच्या संदर्भात हा प्रश्न अधिक बिकट होतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ (२०२०) या खेळाच्या संगीतात भारतीय वाद्यांचा वापर आहे. अशा संगीताचे चिपट्यून केल्यास मींडेचे काय होईल, ही शंका साहजिक आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, तिच्यामागे अचल स्वरांचा आक्षेप होता. ती १९७१ मध्ये शिथिल झाली. जुनी चिप मात्र या बाबतीत हार्मोनियमहून लवचिक आहे. तिच्या स्वराची उंची बारीक पायऱ्यांनी सरकवता येते, त्यामुळे मंद्र-मध्य सप्तकांत मींड बरीचशी साधते; तारसप्तकात पायऱ्या मोठ्या होऊन ती तुटक होते. खरी हानी तंबोऱ्याची. त्याच्या जवारीसाठी चिपकडे नाद नाही, आणि अखंड षड्जासाठी मोजक्या मार्गांपैकी एक कायमचा खर्ची पडतो.

यापुढचा प्रश्न स्मृतीचा आहे. १९९०च्या दशकात मराठी घरांत पोहोचलेला ‘व्हिडिओ गेम’ क्वचितच अस्सल जपानी होता. ‘लिटल मास्टर’सारख्या नावांनी विकले जाणारे संच फॅमिकॉमच्या नकला होत्या. अशा अनेक नकलांच्या चिपमध्ये चौकोनी तरंगाच्या दोन रुंदींची अदलाबदल झालेली असे, त्यामुळे सानुनासिक आवाज पोकळ आणि पोकळ आवाज सानुनासिक होई. शिवाय जपानी दूरचित्रवाणीच्या सेकंदाला ६० चौकटींऐवजी येथे ५० असल्याने, चौकटींच्या गतीवर चालणारे संगीत सुमारे एक षष्ठांशाने मंदावे. म्हणजे ज्या नादासाठी येथील श्रोता हळवा होतो, तो जपानी श्रोत्याच्या आठवणीतला नाद नव्हेच.

ग्रंथसंहितांच्या अभ्यासात अशा फरकाला पाठभेद म्हणतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा अपपाठ वेगळे काढण्यामागे मूळ पाठाविषयीची निष्ठा होती. चिपट्यूनकारालाही ती निष्ठा ठेवता येईल. पण जो पाठ एका पिढीने हजारो घरांत ऐकला, तो यंत्राच्या दृष्टीने सदोष असला तरी श्रवणाच्या इतिहासात प्रमाणच आहे. त्यामुळे येथील पुनर्रचनाकाराने आपण कोणत्या यंत्राचा पाठ स्वीकारतो, हे आधी ठरवणे अगत्याचे आहे. जपानी चिपशी काटेकोर इमान राखणारी रचना अचूक असेल. परंतु ती दुसऱ्या कोणाच्या तरी बालपणाची आठवण असेल.